मॅनेजर गेला तर?

मृग लागून आठवडा झाला होता आणि पाऊस काही केल्या धरत नव्हता. अशाच एका चिकट शनिवारी संध्याकाळी मी ओटीवर बाबांसमोर लॅपटॉप उघडून बसले होते. आत आई सुके बोंबील भाजत होती आणि त्याचा धूर थेट डोळ्यांत येत होता. "बाबा, आता आपण एक पासवर्ड मॅनेजर ठेवू या," मी म्हटलं, आणि म्हणता क्षणी कळलं की 'ठेवू या' हे चुकलं. घरात गडी ठेवतात, पेढीवर दिवाणजी ठेवतात. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "कोन ह्यो मॅनेजर? कंच्या गावचा?" माणूस नव्हे, प्रोग्रॅम आहे, सगळे पासवर्ड त्यात कुलपात राहतात, आपण एकच लक्षात ठेवायचा, बाकीचे तो सांभाळतो, असं मी पाच मिनिटं समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि गेला त?"

"कुठे गेला?"

"गेला म्हंजे मेला. मंग आपल्या चाव्या कुनाकरं?"

आई आतून हसली, मीही हसले. पण रात्री सानपाड्याच्या फ्लॅटवर परत आले तर तो प्रश्न माझ्याबरोबर लिफ्टमधून वर आला होता. मी आयटीत सोळा वर्षं काढलीत. पासवर्ड मॅनेजर कुठला घ्यावा यावर लोकांना सल्ले देते. कुठला स्वस्त, कुठला फोनवर नीट चालतो, कुठल्याचा कोड कुणालाही तपासता येईल असा खुला आहे, हे सगळं मला पाठ. तो गेला तर काय, हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

आमच्या घरात 'मॅनेजर' हा शब्द एप्रिलपासून नासला आहे. एका दुपारी बाबांना फोन आला, बँकेचा मॅनेजर बोलतोय म्हणून. केवायसी संपलीय, आज रात्री खातं बंद होईल. बोलणारा गोड होता, 'काका, काका' करत होता. बाबांनी आलेला आकडा वाचून दाखवला आणि साडेअठरा हजार गेले. मी सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पैसे अजून यायचेत. बाबा पैशांबद्दल एकदाही हळहळले नाहीत, त्यांना दुसरंच लागलं. "माना काका बोलला," एवढंच ते म्हणत राहिले. त्यानंतर दोन महिने अनोळखी नंबर आला की ते फोन उशीखाली घालायचे. फोन उशीखाली वाजत राहायचा, उशी थरथरायची आणि ते तिच्याकडे बघत बसायचे.

मग मी ठरवलं की आता यांचं सगळं नीट लावून द्यायचं. 'सगळं' म्हणजे कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानाची मागची बाजू. तिथे दूधवाल्याचे खाडे, सिलिंडरची तारीख, आईच्या बीपीचे आकडे आणि त्यांच्यातच बँक, पेन्शन, वीजबिल, गॅस, रेल्वे, पोराने उघडून दिलेलं कुठलं तरी शेअरचं खातं, सगळ्यांचे पासवर्ड निळ्या बॉलपेनने लिहिलेले. जानेवारी आला की जुनं कॅलेंडर उतरवून नव्यावर ते उतरवून घ्यायचं, हा बाबांचा वार्षिक कार्यक्रम. माझ्या ऑफिसात याला बॅकअप म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं असतात.

ते सगळे पासवर्ड मी चाचणी म्हणून एका मॅनेजरात भरले आणि तपासणीचं बटण दाबलं. लाल पट्टी आली: एकच पासवर्ड अकरा ठिकाणी, दर्जा कमजोर. आता तो बदललाय म्हणून त्याचा साचा सांगायला हरकत नाही. नवी मुंबई वसवायला गेलेल्या आमच्या भातशेताचा सर्वे नंबर, मधे एक रेघ, हिस्सा नंबर आणि शेवटी ८४. 'कमजोर' हा शब्द वाचून मी चटकन स्क्रीन तिरका केला. बाबांनी तोवर वाचला होता. काही बोलले नाहीत, उठून मोरीवर पाय धुवायला गेले.

त्या सर्वे नंबरावर आज काय आहे, ते मला माहीत आहे. एका सोसायटीचं पार्किंग आहे आणि त्याच्या कडेला कागदी फुलांची वेल. लहानपणी बाबा मला सायकलवर तिथून न्यायचे तेव्हा नुसतं "हे आपलं" म्हणायचे, 'होतं' असं कधी म्हणाले नाहीत. मी स्वतः ज्या इमारतीत राहते तीसुद्धा कुणाच्या तरी सर्वे नंबरावरच उभी आहे. तो कुणाचा, हे मी सात वर्षांत विचारलेलं नाही.

आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. हिरव्या रंगाची, कडी मोडलेली, सुतळीने बांधलेली. त्यात जुने सातबारे, संपादनाच्या नोटिसा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, गेलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्के भूखंड देण्याचं इरादापत्र आणि एक कुलमुखत्यारपत्र. त्या शेवटच्या कागदावर आमच्या घरात बोलत नाहीत. साडेबारा टक्क्यांचा भूखंड हातात पडायच्या आधीच एका बिल्डरने गावात फेऱ्या सुरू केल्या होत्या. तोही गोड बोलायचा, तोही 'काका' म्हणायचा. बाबांनी सही केली, आजीने अंगठा दिला. जे पैसे आले त्यातून घराला स्लॅब पडला आणि आत्याचं लग्न झालं. पुढे त्या भूखंडावर जी इमारत उठली तिच्यातल्या एका खोलीची किंमत ऐकून आजी म्हणे दिवसभर काही जेवली नव्हती. चावी देऊन टाकणं म्हणजे काय असतं, हे माझ्या घराने कुठल्याही प्रोग्रॅमच्या कितीतरी आधी शिकून घेतलं होतं.

आणि याच माणसाने आणखी एकावर विश्वास ठेवला होता. तोही पूर्ण, कागद न वाचता.

दिबांशी, म्हणजे आम्हा प्रकल्पग्रस्तांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्याशी, बाबा आयुष्यात एकदाही बोलले नाहीत. हे मला कळायला चाळिशी यावी लागली. आमच्या घरात दिबांचा उल्लेख असा व्हायचा की मला वाटे, बाबांची त्यांच्याशी चांगली ओळख असणार. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, हे त्यांना निवडणुकांच्या सालांसकट पाठ. कुठल्या सभेत सदऱ्याची बाही कुठवर दुमडलेली होती, हेसुद्धा. पण ते सगळं गर्दीतून पाहिलेलं होतं. कधी तिसऱ्या रांगेतून, कधी झाडावरून, कधी कुणाच्या तरी खांद्यावरून. "तुम्ही भेटायला कधी गेला नाहीत?" मी विचारलं. "कनाला?" ते म्हणाले. खरंच कशाला, हे त्यांना कळेना. जो आपलंच बोलतोय त्याला आणखी काय सांगायचं?

जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दिबांनी केलेल्या आंदोलनात, दास्तान फाट्याला बाबा होते. सत्तावीस वर्षांचे. १६ आणि १७ तारखेला काय झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं कशी गेली, हे आमच्या पंचक्रोशीत कुणाला सांगावं लागत नाही, जासईला दरवर्षी त्यांच्या नावाने माणसं जमतात. बाबा मात्र त्याबद्दल एकच गोष्ट सांगतात, चपलेची. धावपळीत एक चप्पल गेली. दुसरी पायात घालून ते घरी आले. कसे आले, किती चालले, कुणाबरोबर, काही नाही. आजीने दारात पाहिलं तर एक पाय चिखलाने भरलेला, दुसऱ्यात चप्पल. ती उरलेली एक चप्पल आजीने कितीतरी वर्षं माळ्यावर ठेवली होती म्हणे, जोडीतली दुसरी कधी तरी मिळेल अशा हिशेबाने. लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्ही भावंडं खूप हसायचो. बाबाही हसायचे. आता मला वाटतं, ते आम्हाला हसवायलाच ती गोष्ट सांगत असावेत, म्हणजे पुढचं कुणी विचारायला नको.

२४ जून २०१३ ला दिबा गेले. बातमी पसरली तशी गावातून माणसं पनवेलला निघाली, बाबाही निघाले. मला ऑफिसात फोन आला, "बाय, येतेस?" मी तेव्हा महापेच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला होते आणि माझा पासवर्ड संपला होता. त्या कंपनीत दर नव्वद दिवसांनी तो बदलावा लागे. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि मागच्या बारांपैकी एकही नको. मी तीनदा चुकले, खातं बंद पडलं आणि हेल्पडेस्कच्या रांगेत कानाला फोन लावून मी पाऊण तास संगीत ऐकत होते. एका कानाला हेल्पडेस्क, दुसऱ्याला बाबा. "आज नाही जमणार," मी म्हटलं. "बरं," ते म्हणाले. बाबांचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना ते कळेल.

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

यातली गंमत मला पुढे कळली. चिन्हं घाला, आकडे घाला, ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदला, हे नियम जगभर पसरले ते अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००४ मध्ये निघालेल्या एका दस्तऐवजातून. तो लिहिणारे बिल बर २०१७ मध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना म्हणाले की, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीनेही नवे निकष काढले आणि ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती सोडून दिली. लोकांना सतत बदलायला लावलं की ते शेवटचा १ काढून २ करतात, एवढंच. म्हणजे ज्या नियमापायी मी त्या दिवशी हेल्पडेस्कचं संगीत ऐकत बसले, तो नियमच वायफळ होता. हे वाचलं तेव्हा मला कुणाचा तरी राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच. खातं बंद पडलं नसतं तरी मी गेले असते का, याची मला खात्री नाही.

बाबा रात्री उशिरा आले, भिजलेले. आईने मागच्या दाराशी बादलीत कढत पाणी काढून ठेवलं होतं, घरातलं माणूस पोचवून आल्यावर ठेवतात तसं. त्यांनी अंगावर पाणी घेतलं आणि मगच उंबरा ओलांडला. त्या वर्षी पहिल्या पावसात वलगणीचे मासे चांगले चढले होते. शेजारच्या काकींनी वाटाभर पाठवले, पोटात गाभोळी भरलेले. आईने कालवण केलं, सगळ्या ओटीवर त्याचा वास. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि डाळभात मागितला. तेरा दिवस त्यांनी मासळीला हात लावला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. ज्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते, त्याचं सुतक त्यांनी आमच्या नकळत पाळलं.

मी तेव्हा मनातल्या मनात म्हटलं होतं, फार होतंय हे. आठ वर्षांनी, २४ जून २०२१ ला, नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून बेलापूरला सिडको भवनावर गर्दी लोटली तेव्हाही हेच म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं. करोना पुरता गेला नव्हता. बाबा गुडघ्याला पट्टा, तोंडाला मास्क, खिशात शेंगदाण्याची पुडी असे तयार होऊन बसलेले. "नावाने काय होणार आहे?" मी ओरडले. त्यांनी वाद घातला नाही. "पाऊस हाय, छत्री दे," म्हणाले. मी छत्री दिली. सोबत गेले नाही, याचीही नोंद इथे करते.

तर प्रश्न: मॅनेजर गेला तर?

नुसती यादी करायची तर पर्याय खूप. पण त्या रात्रीनंतर मी प्रत्येकाला बाबांचाच प्रश्न विचारत सुटले. कीपास २००३ पासून आहे. तो फुकट, सगळं एका फाइलीत, ती फाइल तुमच्या स्वतःच्या मशीनवर, मधे कुणी नाही. बाबांना हा ऐकताच आवडला, कारण ती त्यांची पत्र्याची पेटीच झाली. पण पेटी एकाच घरात असते. फोन पाण्यात पडला, लॅपटॉप बिघडला आणि फाइलीची प्रत नसली की संपलं, आणि प्रती काढत बसणं पुन्हा माझ्याच गळ्यात. वनपासवर्ड देखणा आहे. खातं उघडलं की एक गुप्त किल्ली आणि छापून ठेवायचा एक कागद देतो, हे मला फार पटलं, पण दर वर्षी पैसे. ब्राउझरमध्ये आपोआप साठवलं जातं ते सोपं खरं, पण बाबांच्या फोनवर भाचा रोज क्रिकेट खेळतो. लास्टपासचं २०२२ साली जे झालं ते मी त्यांना सांगितलं. चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच उचलून नेल्या. आतले पासवर्ड कुलपात होते, पण कुणाचं कुठल्या वेबसाइटवर खातं आहे, ते उघड्यावर. "म्हंजे घर फोरलं, कपाट नाय फोरलं," बाबा म्हणाले. याहून नेमकं मी कुठल्या अहवालात वाचलं नाही.

शेवटी बिटवॉर्डनवर आम्ही थांबलो. कोड खुला आहे, रोजच्या कामापुरता फुकट आहे आणि कंपनी उद्या बुडाली तरी तिजोरी उतरवून दुसरीकडे नेता येते. पण बाबांचा होकार यापैकी कशामुळेच आला नाही. मी त्यांना त्यातली एक अट वाचून दाखवली: मुख्य पासवर्ड तुम्ही विसरलात तर आम्हालाही तो सांगता येणार नाही, कारण आम्हाला तो ठाऊकच नसतो. बाबा सरळ होऊन बसले. "परत वाच." मी परत वाचलं. "आपला पासवर्ड त्यालाच ठाऊक नाय?" नाही. "आनि तो तसा बोलतो?" हो, लेखी. त्यांनी मान हलवली. "मंग बरा मानूस हाय."

ठाऊक नसून उघडतो कसा, हे समजावताना माझी जीभ अडखळली. ऑफिसात मी हे फळ्यावर आकृत्या काढून सांगते. इथे फळा नव्हता, म्हणून मी उघाडी घेतली. खाजणाच्या बांधाला असते ती लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तिलाच दाबून बंद करतं, एका बाजूने वाट आणि दुसऱ्या बाजूने भिंत. तुमचा पासवर्ड असाच एका बाजूने जातो, त्याचं काहीतरी भलतंच होऊन बाहेर पडतं आणि त्यावरून मूळ शब्द काढता येत नाही. शिवाय त्यात मीठ टाकतात. हा माझा विनोद नाही, त्या शास्त्रात शब्दच तो आहे. दोन माणसांचे पासवर्ड एकच निघाले तरी मीठ वेगळं, म्हणून वरून दिसायला वेगळे. बिटवॉर्डन तुमचा ईमेल मीठ म्हणून वापरतं आणि सगळं मिळून ६ लाख वेळा घोटतं. "मीठ आगरातलं का?" आईने आतून विचारलं. बाबांना मात्र उघाडी पटली होती. ते कितीतरी वेळ तिच्यावरच बोलत राहिले. तिची फळी कुठल्या लाकडाची असायची, ती कुजली की कोण बदलायचं, आणि एकदा रात्री ती अडकली तेव्हा अख्खं आवण खारं पाणी पिऊन कसं मेलं.

त्यातूनच पुढचं सुचलं. मुख्य पासवर्ड लांब हवा, लक्षात राहणारा हवा आणि मनाने निवडलेला नको. मनाने निवडला की माणूस सर्वे नंबर टाकतो. यासाठी एक जुनी युक्ती आहे: फासे टाकायचे आणि क्रमांक लावलेल्या यादीतून शब्द उचलायचे. डाइसवेअर म्हणतात तिला, १९९५ पासून आहे. तिच्या मूळ यादीत ७,७७६ शब्द, इंग्रजीतले. बाबांना ते लक्षात राहण्याची आशा नव्हती. मग आम्ही आमचीच यादी करायला घेतली. भाच्याच्या लुडोतला एक फासा आणि बाजारातून आणलेले दोन, तीन फाशांचे सहा सहा सहा म्हणजे २१६ शब्द हवे. जाणकार नाकं मुरडतील, यादी लहान आहे म्हणतील. मुरडू देत.

तोवर पाऊस धरला होता. पुढचे चार शनिवार आम्ही तिघं ओटीवर दोनशे पानी वही घेऊन बसलो. पहिले पन्नास शब्द भराभर आले: निवटी, चिंबोरी, कोलीम, जवला, जिताडा, पाग, आसू, इरलं, राब, आवण, बांध, खलं, उडवी, कणगी. मग आई आली आणि वेग वाढला, कारण स्वयंपाकघर आणि लग्नघर तिचं. धवलारीण हा शब्द तिने असा घातला की बाबांनी लगेच दोन ओळी गुणगुणून दाखवल्या आणि तिने 'सूर चुकला' म्हणून पुढच्या दोन स्वतः म्हटल्या. भांडणं झाली ती स्पेलिंगवरून. टाइप रोमनमध्ये करायचं होतं, आणि मी शाळेत शिकले तशी 'ळ' साठी वेगळं अक्षर शोधायला लागले. बाबा म्हणाले, इंग्रजीत 'ल' एकच हाय ना? एकच. "मंग आपलाच बरोबर." माझ्या मराठीच्या बाईंनी ज्या उच्चारासाठी मला वर्गात उभं केलं होतं, तो अखेर असा सुटला.

एकशे ऐंशीच्या पुढे गाडी अडली. बाबा गप्प बसायचे, पागोळ्या बघायचे. मग एका शनिवारी मी पोचले तर त्यांनी बारा शब्द लिहूनच ठेवले होते, त्यातले बरेच मी कधी ऐकलेले नव्हते. "काय आहे हे?" शेतांची नावं. प्रत्येक खाचराला नाव होतं, सर्वे नंबर तर सरकारने दिला. ती नावं घेऊन आजी हाका मारायची, कुठे न्याहारी आणू ते विचारायला. चाळीस वर्षांत ती माझ्यासमोर एकदाही उच्चारली गेली नव्हती. मी ती इथे लिहिणार नाही. ती यादीत आहेत आणि फासे कुणावर पडले, ते फाशांना ठाऊक.

शेवटचा, २१६ वा शब्द उरला. मी म्हटलं, "दिबा घालू या?" मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी बोटावर अक्षरं मोजली. "चारच हायत. लगेच फुटंल," म्हणाले, आणि वही माझ्याकडून घेऊन स्वतःच्या हाताने तिथे लिहिलं: चप्पल.

आईने फासे टाकले. ते बाबांच्या हातात दिले असते तर ते मुद्दाम टाकतात असा तिचा आरोप. सहा शब्द निघाल्यावर मी हिशेब सांगितला: २१६ चा सहा वेळा गुणाकार, १०,१५,५९,९५,६६,६८,४१६. बाबांनी उजव्या टोकापासून बोट लावलं आणि शाळेतल्या चालीवर सुरू झाले, एकं दहं शतं सहस्र दशसहस्र लक्ष, कुठेही न अडखळता कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू आणि शेवटच्या एकावर बोट टेकलं तेव्हा, जलधी. "समुद्र," ते म्हणाले. मग आईला म्हणाले, "आखीन एक टाक." भाजीवाल्याकडे मिरच्या मागाव्या तसं. तिने टाकला.

खातं उघडून झाल्यावर मी त्यांना आणीबाणीची सोय दाखवली. तिला थोडे पैसे पडतात, ते मी भरले. आपण एक विश्वासाचं माणूस नेमायचं. त्याने चावी मागितली की आपल्याला निरोप येतो. आपण 'नको' म्हटलं तर विषय संपला. ठरलेले दिवस उलटेपर्यंत आपण काहीच बोललो नाही, तर त्याला उघडून मिळतं. बाबांनी माझं नाव घातलं, हे विचारावंही लागलं नाही. दिवस किती, ते निवडायचं होतं: एक, दोन, सात, चौदा, तीस, नव्वद.

"नव्वद ठेवू?" मी विचारलं, उगाच, विषय हलका करायला.

बाबांनी यादीवरून बोट खाली आणलं आणि परत वर नेलं. "चौदा," म्हणाले. मी विचारलं नाही. आईने विचारलं, चौदाच का. "तेरावं होव दे," ते म्हणाले, "मंग उघडूं दे तिला. त्याच्या आधी कनाला घाई?" आई उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेली.

मग पहिल्यांदा मुख्य पासवर्ड टाकायची वेळ आली. चिठ्ठी त्यांनी तळहातात धरली होती. "तिकडं बघ," मला म्हणाले. मी भिंतीकडे तोंड केलं. कालनिर्णयची मागची बाजू आता जवळजवळ कोरी होती, दुधाचे खाडे आणि बीपी, एवढंच. मागे एका बोटाने टाइप चाललं होतं. एक टक, मग शोधाशोध, मग दुसरी टक. मधेच थांबले तेव्हा पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. परत सुरू झाले. सगळं मिळून दहाएक मिनिटं लागली असतील. "बघू?" मी विचारलं आणि वळले. स्क्रीनवर काळ्या टिंबांची लांबच लांब ओळ होती आणि बाबा तिच्याकडे चष्मा वर करून, अगदी जवळून बघत होते.

"मोजू नको," ते म्हणाले आणि स्क्रीनवर तळवा ठेवला.